मेमसाबचं औक्षण

चहा ओततेच आहे, पण आधीच बजावते, हसायचं ते पोटातल्या पोटात! ही फजिती आठवली की आजही माझे कान तापतात. हे घरात असले तर मी विषयच काढत नाही. आत्ता भाजी आणायला गेलेत, म्हणून सांगतेय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ह्यांना बढती मिळाली, रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क झाले, आणि बढतीबरोबर बदलीही आली. कुठून कुठे? नंदुरबारहून थेट जयपूर! आम्ही मोठ्या लाईनीची माणसं. इथे उतरून पाहते तर छोटी लाईन, मीटर गेज, खेळण्यातली गाडी वाटावी अशी. क्वार्टर मिळालं बनी पार्काच्या बाजूला, स्टेशनच्या मागेच. भिंती बऱ्या होत्या, छत मात्र गळकं.

पण छताचं दुःख नव्हतं हो. दुःख होतं सासूबाईंचं. आम्ही इकडे आलो आणि महिन्याभरात त्या तिकडे नंदुरबारला न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुबा मोडला. शेजारीण दोन वेळा ताट आणून द्यायची, आणि आपलं घर सोडायला तर त्या तयार नव्हत्या. ह्यांनी परतीच्या बदलीसाठी अर्जावर अर्ज केले. ते वर जायचे आणि वरच झोपायचे. हे जेवता जेवता मध्येच थांबायचे, "आईने काय खाल्लं असेल गं?" म्हणायचे. मला बघवायचं नाही.

अशात बातमी आली, बडे साहेब इन्स्पेक्शनला येणार! मतलब साध्यासुध्या डब्यातून नाही, स्वतःच्या सलूनमधून, साहेबांच्या खास डब्यातून. सोबत मेमसाब. आणि त्याहून मोठी बातमी, मेमसाब म्हणे मराठी! आमच्या महिला समितीने स्टेशनवर औक्षण करायचं ठरवलं.

"मी सांगू का मेमसाबना आपल्या बदलीचं?" मी ह्यांना विचारलं.

"अगं, एकदम काही मागू नकोस. आधी ओवाळ, खाऊपिऊ घाल. ओळख झाली की मग हळूच."

समितीच्या बायकांनी जायचं होतं दहाला. पण पहिलं कुंकू सेक्रेटरीणबाई लावणार आणि मी मागे नारळ धरून उभी, हे मला कुठलं परवडायला? मी आठलाच हजर! नऊवारी, नथ, ताट, निरांजन. फलाटावर एकटीच.

आणि गाडी आली.

काय सांगू तुम्हाला! नंदुरबारला मी आयुष्यात एकच सलून पाहिलं होतं, गाडीच्या शेपटाला लावलेलं. रेल्वेवाल्यांच्या घरी पोर बोलायला लागलं की त्याला पहिलं हेच शिकवतात, सलून दिसलं की साहेब आले. इथे तर अख्खी गाडीच सलूनांची! पांढरेशुभ्र डबे, त्यांवर राजचिन्हं, दारात फेटेवाले वेटर. फलाटावर सनई सुरू. बाहेर हत्ती झुलतोय! म्हटलं, बडे साहेब ते बडे साहेबच. दुसऱ्या डब्यातून गोरे लोक उतरायला लागले. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला की! म्हटलं, परदेशी इंजिनिअर असतील, छोटी लाईन तपासायला आले असतील.

तेवढ्यात कानावर आलं, "अहो, माझा चष्मा आतच राहिला!"

मराठी! जांभळी पैठणी, गळ्यात मोत्यांचा सर, मागे सुटाबुटातले पिकल्या केसांचे साहेब. मी धावलेच. कुंकू लावलं, ओवाळलं, नारळ हातात दिला.

"अय्या, मराठीत स्वागत!" बाई हरखल्या. "किती छान व्यवस्था आहे हो तुमची!"

"आम्ही महिला समितीच्या. तुमची वाटच बघत होतो."

"आमच्या तिकडे कोण कुणाला ओवाळतंय!"

तिकडे म्हणजे मुंबईच्या हेड ऑफिसात. खरंच आहे, मुंबईला कुणाला वेळ असतो? मी लगेच खुंटा बळकट केला. "मेमसाब, क्वार्टर मागेच आहे. गरिबाघरी दोन घास खाऊन जा."

साहेब म्हणाले, "कार्यक्रमात तर किल्ला लिहिलाय."

"किल्ला चढायला माझे गुडघे कुठे आहेत?" बाई म्हणाल्या. "घर बघू या. किती वर्षांत मराठी घर पाहिलं नाही!"

म्हटलं, बिचारीचा जन्म सलूनमध्येच जात असेल.

निघालो. मागे वळून बघते तर चार गोरे इंजिनिअर कॅमेरे घेऊन मागोमाग. त्यांना नको कसं म्हणणार?

घरी भरीत-पुरी आणि शेवभाजी तयारच होती. शेवभाजी आमची खानदेशी, हात आखडता न घेता केलेली. गोऱ्यांनी एकेक घास घेतला आणि चौघांना लाल सिग्नल लागला! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी "गुड, गुड" चाललेलंच. मी आणखी वाढत होते. इन्स्पेक्शनला आलेला माणूस उपाशी गेला तर शेरा वाईट येतो हो.

मग मी हळूच वर बोट केलं. "साहेब, छत बघितलंत? पावसाळ्यात तीन पातेली मांडावी लागतात."

साहेबांनी मान वर केली, कॅमेरा काढला आणि छताचे फोटो घेतले! गोऱ्यांनीही घेतले. एक जण तर जमिनीवर आडवा झाला. माझ्या मनात लाडू फुटले. आता छत तर झालंच, बदलीचं तेवढं राहिलं.

पण मागायचं कसं? जीभ रेटेना. ह्यांनी बजावलं होतं ना! मी बाईंचा हात धरला आणि एवढंच म्हणाले, "मेमसाब, आमच्यासाठी वर एक शब्द टाका. बाकी तुम्ही जाणत्या आहात."

"एक कशाला? दहा टाकते!" बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला रडू फुटलं. त्यांनी माझाही फोटो काढून घेतला.

एवढ्यात हे दारात. घामाघूम!

"अगं, ताट कुठाय? मेमसाब उतरल्यासुद्धा! सेक्रेटरीणबाई नुसत्या हाताने नमस्कार करताहेत!"

"हळू बोला," मी कुजबुजले. "मेमसाब इथे जेवताहेत."

ह्यांनी आत डोकावलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला ओढत परसात नेलं.

"ह्या कोण?"

"मेमसाब! त्या सलूनच्या गाडीतून—"

"अगं बाई, ती पर्यटकांची शाही गाडी! राजेरजवाड्यांची जुनी सलूनं जोडून केलेली! हिवाळाभर दर आठवड्याला येते, आजची पहिली फेरी!"

धरणीमाये पोटात घे म्हणतात ना? मी खरंच खाली बघितलं, कुठे फट आहे का. आम्ही उन्हाळ्यात आलेलो, मला काय ठाऊक ती गाडी! आत बाई विचारत होत्या, "भरीत आणखी आहे का हो?" अमेरिकेतल्या डॉक्टरीणबाई होत्या त्या. माझं ताट, माझं कुंकू, माझं रडू, सगळं त्यांना सहलीतलाच कार्यक्रम वाटला होता!

संध्याकाळी हे मला ताट पळवल्याबद्दल साहेब-मेमसाबची माफी मागायला स्टेशनवर घेऊन गेले. बडे साहेब शाही गाडीला निरोप द्यायला उभे होते. शेजारी खऱ्या मेमसाब, लखनौच्या! मराठीचा गंधही नव्हता. मी हात जोडले. म्हटलं, लाज गेलीच आहे, आता निदान काम तरी सांगावं. "मेमसाबजी, हमारी सास नंदुरबार में—"

"अहो, ह्याच त्या!" मागून आवाज आला. डॉक्टरीणबाई! त्यांनी मला मिठी मारली आणि बड्या साहेबांना हिंदी-इंग्रजीत सुनावलं, "पूरे सफर में ऐसा वेलकम नहीं मिला! इन को यहाँ से कहीं मत भेजिए, ये तो जयपूर की शान हैं!" चारही गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बडे साहेब फुलून गेले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भई, ऐसे परिवार को हम जयपूर से कभी नहीं जाने देंगे!"

आणि हे काय म्हणाले असतील? हेडक्लार्क काय म्हणतो? "जी, साहब."

हे ताडताड घराकडे निघाले. मी आपली पदराने तोंड झाकून मागे मागे.

साहेब शब्दाचे पक्के निघाले. अर्ज संपले, हे इथेच रिटायर झाले, म्हणून तर तुम्ही आज जयपूरच्या वैशाली नगरात माझ्याकडे चहा पिताय. आम्ही आता परतत नाही हे कळल्यावर सासूबाई मात्र तयार झाल्या, त्यांना त्या थंडीतच जाऊन घेऊन आलो. आपलं घर, तुळस, शेजार, सगळं सोडून त्या काठी टेकत क्वार्टरच्या दारात आल्या. मी खाली मान घालून पाया पडले. म्हातारी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सूनबाई, वशिला लावावा तर तुझ्यासारखा. नोकरी माझ्या लेकाची, आणि बदली झाली माझी!"