योग्य उमेदवार मिळाला नाही

“घरी मेंढरं किती आहेत?”

मुलाखतीत मला एवढंच विचारलं. साहेब विचारत होते, बाजूचे दोघं हसायलते.

“चाळीस, साहेब.”

“मग ती कोण राखणार?”

झालं. बाहेर पाठवलं.

जागा तहसील कचेरीत कारकुनाची होती. मागासवर्गासाठी राखीव. अर्ज माझा एकट्याचा. आमी मेंढरं राखणारे, पण मी निजामाच्या राज्यात उर्दूत मॅट्रिक झालेला. त्याच कचेरीत दोन वर्षं रोजंदारीवर जुने उर्दू कागद मराठीत उतरवत होतो. ते काम तिथं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

आठ दिवसांनी हेडक्लार्कनं माझ्यापुढं मसुदा टाकला.

“जिल्ह्याला धाडायचाय. तुझं अक्षर चांगलं हाय, नक्कल काढ.”

दोन ओळी लिहिल्या आन् पुढचं वाचलं. राखीव जागेसाठी योग्य उमेदवार मिळाला नाही. सबब जागा खुली करावी.

राग आला न्हाई. लय थकवा आला. सकाळी तीन कोस चालून आलो होतो, ते तवा पायांत उतरलं.

साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. “साहेब, मी तर इथंच हाय.”

त्यांनी मान वर केली न्हाई. “जागा वर्गासाठी आहे, तुझ्यासाठी नाही. सरकारला कार्यक्षमता बघावी लागते. घटना वाच.”

“काम तर मीच करायलोय.”

“रोजंदारीचं.”

मी कागद टेबलावर ठेवला. “हे मी लिहिणार न्हाई.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

घरी बाप म्हणला, “लिहून द्यायचं होतंस लेका. तू न्हाई तर दुसरा लिहील.”

खरंच होतं. दुसऱ्यानं लिहिलं. जागा खुली झाली, साहेबांच्या नात्यातला माणूस बसला. उर्दू कागद गठ्ठ्यात तसेच पडून राहिले.

मी मेंढरांमागं गेलो. गावच्या मास्तराकडून घटना आणून वाचली. सरकारला जागा राखता येतील, असं हाय. राखाव्याच, असं न्हाई. वाचून खचलो. दोन दिवस पुस्तक उघडलं न्हाई. मग पुन्हा वाचलं. माणूस समोर उभा असताना मिळाला न्हाई म्हणून लिहा, असं मातर त्यात कुठंच न्हाई.

पुढची जागा निघाली तवा अर्ज रजिस्टर पोस्टानं धाडला, पोच घेतली. त्याच्या पुढच्या जागेला बी. नाकारतील, मला ठाऊक हाय. पण आता माझं नाव लिहून नाकारावं लागंल. तेवढं मी त्यांना लिहायला लावणारच.