तेरा जातींची बाटली

काल दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी मुलीने अनेक जातींच्या द्राक्षांची इटालियन रेड वाइन उघडली. "बाबा, स्मेल इट," म्हणत ग्लास माझ्यापुढे धरला. मनुका, सुकी चेरी, ओलं लाकूड. त्या वासासरशी मी करामा भागातल्या आमच्या जुन्या घरच्या टेबलापाशी जाऊन बसलो.

तेव्हा तासगावहून माझे वडील, अप्पा, आले होते. त्यांचा सगळा जन्म द्राक्षबागेत गेलेला. समोर माझा इटालियन बॉस. माझं काँट्रॅक्ट त्याच्याच सहीसाठी थांबलेलं. त्याने आपल्या गावाकडची वाइन आणली होती. यात तेरा जातींची द्राक्षं आहेत, असं तो अभिमानाने म्हणाला. मी अप्पांना ते मराठीत सांगितलं. त्यांनी ग्लास बराच वेळ नाकाशी धरला आणि न पिता खाली ठेवला.

"म्हणजे भेसळ," ते म्हणाले. "आमच्या पेटीत दुसऱ्या जातीचा एक घड निघाला तरी व्यापारी पेटी परत करतो. विचार त्याला, सगळ्या जाती एकाच दिवशी तोडतात का?"

बॉसने खुर्ची पुढे ओढली. "व्हॉट डझ ही से?"

मी घाईने म्हणालो, "ही सेज इट्स वंडरफुल."

'वंडरफुल' अप्पांना कळत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताट पुढे ओढलं. बॉसने खुर्ची पुन्हा मागे घेतली.

सही मिळाली. पण ती पुढे ओढलेली खुर्ची मला आत्ता आत्ता कळते आहे. त्याला कौतुक नको होतं. त्याला बागायतदार भेटला होता.

"हाऊ इज इट, बाबा?" मुलीने विचारलं.

"आधी एक शोधून सांग," मी म्हटलं. "या सगळ्या जाती एकाच दिवशी तोडतात का?"