सरकलेला बांध आणि माझी मिशी

१९९६ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंतच, पण मिशी गावात पहिल्या नंबरची. ती त्या साली जाता जाता वाचली.

चुलतभावाचं अन् माझं वावर लागूनच. मी बांध कोरला, असं तो चार माणसांत म्हणाला. मी तिथंच बोलून गेलो, कोरला असंल तर मिशी उतरवतो. आता वखर मी जरा बांधाला घासून हाणायचो, पण ते सगळेच हाणतात.

माझी सून शाळेत भूगोल शिकवायची. तिनं एकदा भाकरी थापता थापता सांगितलं होतं, जमीन सरकते. आपला देश दरसाल दोन-चार बोटं उत्तरेला चाललाय. मी विचारलं, मंग माझी विहीर जागेवर कशी? ती म्हणाली, पुरावा समुद्राच्या तळाशी आहे. तिथं मधोमध लांबच लांब भेग आहे. तिच्यातून तापलेला रस वर येतो, थिजून खडक होतो अन् दोन्हीकडं सरकत जातो. भेगेजवळ नवा खडक, लांब जावं तसा जुना, अन् लुगड्याच्या काठांसारखे दोन्हीकडचे पट्टे बराबर जुळतात. मी बिलकुल मानलं न्हाई. समुद्रच पाहिला न्हाई, त्याच्या तळाचं काय ऐकायचं?

बांधाच्या भांडणात तोडही तिनंच काढली. समुद्रात पाहतात तसं इथंही खाली पाहा म्हणाली, जुनं काय ते खाली राहतं. त्याच चार माणसांसमोर बांधाच्या दोन्ही बाजूंना खोदलं. भावाकडं नुसती काळी माती. माझ्याकडं, दोन हात आत, कपाशीखाली जुन्या बांधाच्या दगडांची सरळ रांग.

सगळे माझ्या मिशीकडं बघायला लागले.

"धरती सरकती," मी म्हणालो. "समुद्रात पुरावा हाय."

भाऊ म्हणाला, "सरकू द्या, दादा. पण ती दरसाल माझ्याच वावरात का घुसून राह्यली?"

सुनेनं तोंडाला पदर लावला. "मामा, देश सरकतो तो अख्खा. वावर, बांध, तुम्ही, मिशी, सगळं संगंच."

तेवढं पुस्तकात चुकलं असंल, असं मी म्हणालो. न्हाव्याला सकाळचा सांगावा गेला.

दुसऱ्या दिवशी फटफटताच दोघा लेकांना उठवलं, पहार घेतली अन् न्याहारीपर्यंत बांध जुन्या रांगेवर नेऊन ठेवला. भाऊ न्हाव्याला घेऊन आला, तर भावाला म्हणालो, मोजून घे, धरती माघारी आली. अन् न्हाव्यापुढं मांडी घालून बसलो, डोक्याचे केस कापून घेतले.