जाळी निघते, बरं का!

दुरुस्तीच्या दुकानात वस्तूंपेक्षा किस्से जास्त साठतात. वस्तू लोक निदान परत घेऊन जातात, किस्से इथंच टाकून जातात!

कराडच्या स्टँडजवळ माझ्या मामाचं मिक्सर-ज्यूसर दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआय झाल्यापासून मीही तिथंच बसते, बारा वर्षं झाली. मोटर आणि वायरिंग मामाकडं. उघडणं, धुणं, घासणं माझ्याकडं. आणि खरं सांगू? घरातला ज्यूसर फारसा बिघडत नाही. तो नीट धुतलेला नसतो, एवढंच!

* * *

बँकेतून रिटायर झालेले एक काका आले. "रस निम्माच येतो आणि मशीन थरथरतं. मोटर गेली बहुतेक."

मी विचारलं, "काका, रोज धुता ना?"

"रोज म्हणजे? मी स्वतः धुतो! चार वर्षांत एक दिवस चुकलो नाही."

मी झाकण काढलं, चोथ्याचं भांडं बाजूला केलं आणि आतली गोल जाळी दोन्ही हातांनी वर ओढली. खट्‌कन निघाली. खाली गाजर, बीट, आलं, थरावर थर! जाळीची भोकं तर दिसतच नव्हती. मी ती गरम पाण्यात टाकली, कडक ब्रशनं उजेडासमोर धरून घासली आणि परत बसवली. मशीन चालू केलं, एकदम शांत.

काका अजून जाळीकडंच बघत होते. "ही निघते?"

"निघते की!"

काकांनी एकदा दाराकडं बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "आमच्या हिला सांगू नकोस. ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती, निघत असेल म्हणून."

* * *

नदीकाठच्या गावातले एक पाटील. नवाकोरा ज्यूसर, पण फिरताना नुसता खरखर आवाज. मोटरला जोडणारा कपलर तुकडे तुकडे झालेला.

मामानं विचारलं, "काय घातलंवतं ह्यात?"

"काय न्हाई, फळंच."

मामानं चिमट्यानं आतून एक लांबलचक दोरा ओढून काढला. "हे कंच्या झाडाचं फळ?"

पाटील हसले. "घरचाच ऊस हाय, मामा. एकच कांडं घातलं. ते बी सोलून घातलंय, आवं!"

मामा म्हणाला, "पाटील, कारखाना चालू व्हायला दोनच म्हयनं राह्यल्यात. तेवढी कळ काढायची की!"

* * *

एका रिटायर्ड सुभेदारांनी आणलेला ज्यूसर इतका चकचकीत होता, की शोरूममधून उचलून आणलाय असं वाटावं. मी आडवा केला, तर मोटरमधून पाणी गळायला लागलं!

"साहेब, हे भिजलं कसं?"

"भिजलं नाही, धुतलं. पाइप लावून. फौजेत गाडी अशीच धुतात!"

मी त्यांना मशीनसोबतची पुस्तिका दाखवली. खालचा मोटरचा भाग पाण्याखाली धरू नये, ओल्या फडक्यानं नुसता पुसावा. साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग ताठ उभे राहून म्हणाले, "गलती हमारी!"

मामानं मोटर उघडून दोन दिवस वाळवली. सुदैवानं जळली नव्हती. मशीन घरी गेलं. आठवड्यानं त्यांच्या बायकोचा फोन आला. "तुम्ही ह्यांना काय सांगितलंय? त्या पुस्तिकेचं पान ह्यांनी फ्रेम करून ओट्यावर लावलंय. रोज सकाळी मला मोठ्यानं वाचून दाखवतात. धुते मीच!"

* * *

हा किस्सा आमच्या घरचा. मी दुकानात दिवसभर सगळ्यांना सांगते, "रस काढला की लगेच धुवा. चोथा वाळला की दगड होतो." एका रविवारी पाहुणे होते, मोसंबीचा रस काढला आणि गप्पांत मशीन तसंच राहिलं. सोमवारी मी घाईत दुकानात गेले. संध्याकाळी घरी आले तर ओट्यावरून मुंग्यांची रांग थेट ज्यूसरमध्ये!

सासूबाई शांतपणे भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुकानाचा पत्ता माहीताय ना? नेऊन दाखव एकदा. तिथं एक पोरगी हाय, चांगलं समजावून सांगती."

* * *

एकदा जतकडची एक सून आणि तिची सासू आल्या. कराडला लग्नाला आलेल्या, येताना ज्यूसर मांडीवर घेऊन एसटीनं आलेल्या. मुंबईच्या धाकट्या मुलानं पाठवलेलं मशीन, पण चालूच होईना. सासूबाईंचं तोंड थांबत नव्हतं. "पहिल्याच आठवड्यात मोडलं हिनं. हाताला वळणच न्हाई!" सून खाली मान घालून उभी. डोळे भरलेले.

मामानं मशीनकडं एकदाच बघितलं. मशीन उतरवून घेताना माझा हात लागला, तेव्हा मलाही दिसलं होतं. झाकणाच्या दोन क्लिपांपैकी एक लागलीच नव्हती. ती लागल्याशिवाय मशीन चालूच होत नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर मामानं डोळ्यानं गप्प केलं आणि मशीन घेऊन आतल्या खोलीत गेला.

दहा मिनिटांनी बाहेर आला. "आजी, हिनं काय मोडलेलं न्हाई. क्लिप कडक हाय. दोनी बाजूनं टक्‌ आवाज आला पायजे. बघा तुमीच लावून."

आजींनी जोर लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शेवटी सुनेनं हात लावला तेव्हा कुठं टक्‌ झालं आणि मशीन सुरू झालं. आजी अंगठा चोळत म्हणाल्या, "लय कडक हाय गं! तरीच तुला जमंना." सुनेनं पहिल्यांदा मान वर केली.

त्या गेल्यावर मी विचारलं, "मामा, मघाशी मी हात लावला तेव्हा ती क्लिप अलगद हलत होती की!"

"व्हय," मामा म्हणाला. "आत नेऊन पकडीनं जरा आवळली."

* * *

म्हसवडहून एका गिऱ्हाइकाचा फोन. ज्यूसर झाकणाच्या कडेनं गळतोय. मामानं विचारलं, "झाकणाची रबरी रिंग हाय का जागेवर?" नव्हती. घरभर शोधली. मग त्यांच्या लक्षात आलं की चोथा रोज शेळीला टाकतात, आणि काल रिंग चोथ्याला चिकटून गेली असणार.

"मामा, शेळीला काय व्हईल का?"

"ते डॉक्टरला इचारा! मी मशीनचा मिस्त्री हाय!"

तिसऱ्या दिवशी परत फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "मामा, शेळी बरी हाय! आणि रिंग बी घावली! धुऊन ठिवलीया, कवा आणू बसवायला?"

मामा ओरडला, "नवी बसवतो गड्या, नवी! ती तिथंच ऱ्हाऊ दे!"

* * *

आमच्या मागच्या गल्लीत एक सर आणि बाई राहतात. नवरा-बायको, दोघंही शाळेतून निवृत्त. एका सकाळी सर ज्यूसर पिशवीत घालून एकटेच आले. मी लावून बघितला. सुरेख चालत होता.

"सर, ह्याला काहीच झालेलं नाही!"

"म्हणूनच आलोय," सर इकडंतिकडं बघत म्हणाले. "पार्ट मिळत नाही म्हणून सांग. दोन वर्षं रोज सकाळी कारल्याचा रस पितोय मी. डॉक्टर म्हणतात, गोळ्या आणि चालणं पुरे. पण ती माझ्यासाठी पाचला उठून काढते. नको कसं म्हणू?"

मी कसंबसं हसू दाबलं आणि मशीन ठेवून घेतलं.

दुपारी बाईंचा फोन. "ह्यांनी मशीन आणून दिलंय ना? ऐक, पार्ट मिळत नाही म्हणून सांग. रस दोन मिनिटांत होतो गं, मग ती जाळी वीस मिनिटं घासत बसायची! माझी बोटं कामातनं गेली. पण ह्यांना इतका आवडतो, बंद कसा करू?"

मी मामाला सगळं सांगितलं. मामानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि पोट धरून हसला.

संध्याकाळी दोघं मिळूनच आले. सरांनी पडेल आवाजात विचारलं, "काय गं, मिळाला का पार्ट?"

मी मामाकडं बघितलं. मामा पुढं झाला. चेहरा एकदम गंभीर. "न्हाई मिळत, सर. कंपनीनंच बंद केलाय."

"अरेरे!" सर म्हणाले.

"अरेरे!" बाई म्हणाल्या.

मग दोघांनीही एकदमच विचारलं,

"नक्की ना?"