शांतवनचा हात आणि माझा जळफळाट

आमच्या रंगाच्या दुकानात दारामागे एक भिंत होती. काम झालं की आम्ही सगळे त्या भिंतीला ब्रश पुसायचो. पुसून पुसून रंगाचा थर भाकरीएवढा जाड झाला होता, आणि नखानं खरवडलं की आतून भलताच रंग निघायचा. किस्स्यांचंही तसंच आहे. एक सांगायला बसावं तर त्याच्याखालून दुसराच निघतो. माझ्या बाबतीत तर कुठलाही खरवडा, खाली शांतवनच निघतो!

दुसरी मोठी लढाई चालू होती ते दिवस. नगरात माळीवाड्याच्या अंगाला आमचं दुकान होतं. दुकानांचे बोर्ड, टांगे, देवळाच्या भिंती, जे येईल ते रंगवायचं. मालक अण्णा, स्वतः जुने पेंटर. टांग्यांचं काम बाबूमियाँकडं. आणि अक्षरांच्या कामाला आम्ही दोघं, मी आणि शांतवन. शांतवन शेवगावकडचा ख्रिस्ती, उंच, काळासावळा, कमी बोलणारा. माझा जिवलग मित्र. आणि मी त्याच्यावर जळायचो. अगदी मनापासून जळायचो, यात लपवण्यासारखं काही नाही. सगळ्या नगराला माहीत होतं!

* * *

त्याचं असं होतं की, बोर्डावर गोल काढायचा तर आम्ही सगळे खिळा ठोकून दोरी फिरवायचो. शांतवन खिळा नाही, दोरी नाही, श्वास रोखायचा आणि हात एकदाच फिरवायचा. गोल तयार! रस्त्यावरची माणसं थांबून बघायची.

एकदा कापडबाजारातल्या एका शेटजींचा बोर्ड होता. पहिला ब्रश टेकवायच्या आधी गिऱ्हाइकानं पेंटरच्या हातावर गूळखोबरं ठेवायचं, अशी आमच्याकडं रीत. शेटजी वाटी घेऊन आले. मी शिडीवर, बोर्ड माझ्याकडं, ब्रश माझ्या हातात. मी हात पुढं केला. शेटजींनी तो हळूच बाजूला सारला आणि खाली रंग ढवळणाऱ्या शांतवनच्या हातावर गूळखोबरं ठेवलं.

मी म्हटलं, "शेटजी, बोर्ड मी करतोय!"

शेटजी म्हणाले, "असू द्या, असू द्या. तेवढा गोल मात्र ह्यांना काढू द्या!"

शांतवननं मुकाट्यानं अर्धं खोबरं मला दिलं. ते मी खाल्लंही. आणि सांगायला राग येतो, पण ते खोबरं फार गोड होतं.

* * *

दुपारच्या डब्याचा आमचा एक कायदा होता. आपला डबा आपण खायचा नाही. डबे मधे ठेवायचे, अण्णा "चला" म्हणाले की ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या डब्यावर हात टाकायचा. ऐकायला फार प्रेमळ वाटतं. प्रत्यक्षात "चला" म्हटल्याबरोबर तीन हात शांतवनच्या डब्यावर पडायचे!

त्याची बायको मार्था साधं पिठलं असं करायची की डबा पुसून खावा. माझा डबा उरायचा. तो शेवटी शांतवनच खायचा, आणि वर म्हणायचा, "चांगलं हाय की." त्याच्या त्या चांगुलपणानं माझ्या अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा.

एक दिवस माझ्या बायकोनं हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले होते. लसूण, मिरची, वर कच्चं तेल. मी काय केलं, सकाळी नळावर जाऊन डब्यांची अदलाबदल केली. आमचे शेंगोळे शांतवनच्या डब्यात, त्याचं कालवण माझ्या डब्यात.

दुपारी शांतवनच्या डब्यावर झुंबड उडाली. बाबूमियाँ तर बोटं चाटत म्हणाले, "वा भई शांतवन! भाभींनी आज कमाल केली!" अण्णांनी डोळे मिटून घेतले.

मी उठून उभा राहिलो. "ते माझ्या घरचं आहे! माझ्या बायकोनं केलंय!"

माझी छाती फुगली. संध्याकाळी सायकल हाणत घरी गेलो आणि बायकोला सगळं रंगवून सांगितलं. अण्णांनी डोळे कसे मिटले, बाबूमियाँनी बोटं कशी चाटली.

ती भाकरी थापताना थांबली. तोंड उजळलं. म्हणाली, "खरंच? मग शांतवनभाऊजींना आवडले का?"

* * *

आता बाबूमियाँचा सिंह. बाबूमियाँना पोपट फार सुरेख यायचा. पण फक्त पोपटच यायचा. मोर मागा, हंस मागा, त्याच्यात कुठंतरी पोपट असायचाच.

एका टांगेवाल्यानं टांग्याच्या मागच्या फळीवर सिंह मागितला. मी म्हटलं, बाबूमियाँ, मला काढू द्या. पण टांगे त्यांचे, हट्टाला पेटले. दोन दिवस घाम गाळला आणि सिंह काढला. आयाळ होती, पंजे होते, शेपूट होती. फक्त तोंडाला बाक आला होता, चोचीसारखा.

आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलो. टांगेवाला आला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग घोड्याला पुढं घेऊन त्यालाही दाखवलं.

"बाबूमियाँ," तो म्हणाला, "सिंह समद्यांकडं हाय. असला कुनाकडंच न्हाई!"

पुढच्या आठवड्यात टांगेवाल्यांची दुकानासमोर रांग लागली. सगळ्यांना तोच सिंह हवा! म्हणजे बघा, शांतवन चांगलं काढतो म्हणून त्याला गिऱ्हाईक, बाबूमियाँ वाईट काढतात म्हणून त्यांना गिऱ्हाईक. मी बरं काढायचो. बरं काढणाऱ्याला या जगात कुणी विचारत नाही!

* * *

नाताळला शांतवन आम्हा सगळ्यांना घरी बोलवायचा. एका वर्षी मी ठरवूनच गेलो की, आज काहीतरी खोट काढायचीच.

दारात बांबूच्या कामट्यांची चांदणी टांगली होती. पतंगाचा कागद, लाल आणि पिवळा, आत पणती. अशी सुरेख की बघत राहावं. मी बघत राहिलो नाही. आत गेलो.

मार्थावहिनींनी करंज्या पुढं ठेवल्या. त्या काळात साखर कुठली मिळायला! रेशनची साखर वाचवून वाचवून केलेल्या. प्रत्येक करंजीची मुरड अशी सारखी की वाटावं शांतवननंच ब्रशनं काढलीय. मी एक खाल्ली. दुसरी खाल्ली. खोट सापडेना म्हणून तिसरी खाल्ली. बाबूमियाँ माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसत होते, कारण त्यांना माझं दुखणं माहीत होतं.

शेवटी माझी नजर भिंतीवर गेली. सापडलं! मी मोठ्यांदा म्हणालो, "वहिनी, बाकी सगळं झकास. पण चुना काही नीट लागला नाही हो. कोपऱ्यात बघा, सगळे फटकारे दिसतात. कुणी दिला हा?"

वहिनींनी शांतवनकडं बघितलं. शांतवननं ताटाकडं बघितलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच नाही का दिलात मागल्या महिन्यात?"

* * *

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला हिवतापानं धरलं. एका किराणा दुकानाचा बोर्ड अर्धा झाला होता. गिऱ्हाइकाला घाई. शांतवन घरी येऊन बसला, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू पड. म्या करतो."

मला तापापेक्षा त्याची धास्ती. एका बोर्डावर अर्धी अक्षरं माझी आणि अर्धी त्याची! डावीकडून वाचत येणारा माणूस मधे थांबणार आणि म्हणणार, इथून पुढं चांगलं आहे.

बरा झाल्यावर पहिला त्या दुकानाशी गेलो. बोर्ड बघितला आणि मला माझं कुठं संपलं तेच कळेना. माझी अक्षरं जरा उजवीकडं कलतात, ही माझी जुनी खोड. ती पुढंही तशीच कलली होती. माझा 'र' पोटात बारीक राहतो, तो तसाच राहिला होता. शांतवननं माझी लाज राखायला माझ्या सगळ्या चुका जशाच्या तशा काढल्या होत्या!

दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्याही आलं, नाही असं नाही. पण जवळ जाऊन नीट बघितलं आणि डोकं सणकलं. तसाच दुकानात गेलो आणि त्याच्यापुढं उभा राहिलो.

"काय रं?" शांतवन म्हणाला.

"निदान माझ्या चुका तरी माझ्यापेक्षा सुबक काढू नकोस!"

* * *

आणि आता तिसगावचा बोर्ड.

तिसगावला किसनराव म्हणून एकानं चहाचं हाटेल काढलं होतं, मोटारी थांबतात तिथंच. त्याला बोर्ड हवा होता, आणि अर्थातच शांतवनच्या हातचा. पण शांतवन तेव्हा देवळाली प्रवरेला एका देवळाच्या कामावर अडकला होता. अण्णांनी मला धाडलं.

मी डबे-ब्रश घेऊन उतरलो. किसनराव धावत आला. "या या, शांतवन पेंटर!"

"मी शांतवन नाही."

त्याचा चेहरा पडला. मग मलाच धीर दिल्यासारखं म्हणाला, "आसू द्या. चालंल."

चालंल! मी रागारागानं शिडी लावली. पण खरं सांगतो, वर चढलो आणि राग कुठं गेला कळलं नाही. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. शेजारी शांतवन नव्हता. मनात येईल ते काढायला मोकळा. 'ताजा चहा' एवढंच लिहायचं होतं. मी खाली कोपऱ्यात एक कपबशी काढली. कपातून वाफ काढली. वाफ वळत वळत वर नेली, आणि वर गेल्यावर तीच आडवी पसरून अक्षरांच्या डोक्यावरची रेघ झाली. वाफेलाच अक्षरं लटकली! असं कधी आधी केलं नव्हतं. कुणाचं बघितलंही नव्हतं. खाली उतरून मी गरम भजी खात त्याच्याकडं बघितलं आणि त्या दिवशी माझ्याइतका सुखी माणूस पाथर्डी तालुक्यात नसेल.

परत आलो. कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण मनातून मला एकच हवं होतं. ते शांतवननं बघावं.

पुढं त्याच्या पुतणीचं लग्न निघालं आणि तो शेवगावला गेला. रस्ता तिसगाववरूनच. तो परत येईपर्यंत मला चैन नव्हतं. आल्याबरोबर विचारलं, "तिसगावला मोटार थांबली असेल ना?"

"थांबली."

"बोर्ड दिसला का?"

"गर्दी लई हुती," शांतवन म्हणाला आणि ब्रश धुवायला निघून गेला.

माझं तोंड कडू झालं. दुपारी त्याच्या डब्यावर हातसुद्धा टाकला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेवगावचे एक कापडवाले दुकानात आले. पटका, छत्री, तोंडात पान. आम्ही चौघंही होतो. ते अण्णांना म्हणाले, "बोर्ड करायचाय. तिसगावच्या हाटेलावर हाय ना, वाफेचा, तसलाच पायजे. आन् त्याच पेंटरच्या हातचा पायजे."

मी स्टुलावरून उठलोच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! तोंड उघडलं, तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "ते शांतवन पेंटर कोन तुमच्यातले?"

"तो बोर्ड तर..." मी म्हणालो.

"आवो, मला त्येंनीच सांगितलं! बोर्डाखाली बसले हुते. मोटार भोंगा वाजवून वाजवून सुटली तरी उठंनात. वर बघत्यात, आन् बघत्यात. म्या इचारलं, पावनं, कुनी काढला हो ह्यो? तर म्हनले, म्या. शांतवन पेंटर, नगर."

आम्ही बोर्डावर कधी नाव टाकत नव्हतो. काम कुणाचं, ते सांगेल त्याचं.

बाबूमियाँचा ब्रश पोपटाच्या शेपटीवर थांबला. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. शांतवन पाठमोरा बसून रंग ढवळत होता. तो रंग केव्हाच ढवळून झालेला होता. त्याचे कान मात्र मागूनही लाल दिसत होते.

मला संताप यायला हवा होता. आला नाही. पोटात अशा गुदगुल्या झाल्या की खोकल्याचं निमित्त करावं लागलं!

मी म्हटलं, "बरोबर आहे. त्याचाच हात तो. पण त्याला सध्या अजिबात फुरसत नाही. मी करून देतो."

कापडवाल्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पर त्येंच्यावानी जमंल का तुमाला?"

"बघतो प्रयत्न करून," मी म्हणालो.

ते मान हलवत, नाइलाजानं ऑर्डर देऊन गेले. शांतवन झालेला रंग पुन्हा काठीनं ढवळायला लागला. मग पाठमोराच तो म्हणाला, "कपाच्या कानाखाली सावली जरा ज्यादा झालीया तुझी."

मी म्हटलं, "शांतवन, किती वेळ बसला होतास रे तिथं?"

"त्या हाटेलवाल्याचं दूध संपंस्तोवर."