दोन विभाग, एक मोटर

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी नेमकं काय शिकते हे कुणालाच सांगता येत नसे. आई ‘कॉम्प्युटर आणि मशीन, दोन्ही एकत्र’ असं म्हणून विषय बदलायची. तिचं बरोबर होतं, माहितीपत्रकातही याहून जास्त काही नव्हतं. संगणकशास्त्र आणि यंत्र अभियांत्रिकी मिळून एकच पदव्युत्तर पदवी! मालाडमधली बरी चाललेली नोकरी सोडून मी त्याला भुलले. आज ते पत्रक हाती लागलं तर मी त्यावर बोंबील साफ करीन.

कॉलेजात गेल्यावर कळलं की हे दोन विभाग एकाच इमारतीत असून एकमेकांकडे चहालासुद्धा जात नाहीत. कॉम्प्युटरवाले तिसऱ्या मजल्यावर एसीत, मशीनवाले तळमजल्यावर ऑइलच्या वासात. आम्ही वर गेलो की ‘खालची मुलं’, खाली आलो की ‘वरची’. हजेरी दोन्हीकडे, गाईड दोन्हीकडे. प्रोजेक्टचा अहवाल, म्हणजे काळ्या पुठ्ठ्याचं ब्लॅक बुक, तेही दोनदा बांधून घ्यायचं, कारण एकांना समास दीड इंच हवा आणि दुसऱ्यांना सव्वा. मी वरच्या सरांना विचारलं, "सर, एकच चालणार नाही का?"

"अगं, ते त्यांचं आहे ना. आपल्याला काय करायचंय?"

दोन वर्षांत त्यांनी मला दिलेलं सगळ्यात पक्कं ज्ञान हेच. परीक्षेतही तोच रिवाज. दोघांनी पन्नास-पन्नास गुण द्यायचे आणि दुसऱ्याच्या पन्नासात नाक खुपसायचं नाही. याला ते सौजन्य म्हणत. मी आळस म्हणते.

माझं प्रोजेक्ट साधं होतं. मोटरचं बेअरिंग खराब होऊ लागलं की तिच्या थरथरण्यावरून प्रोग्रामला ते कळावं आणि त्याने स्वतःहून मोटर बंद करावी. पंपाला लावा, लिफ्टला लावा. आठ महिने मी त्यात घातले आणि माझा त्यावर जीव जडला होता, हे सांगायला मला लाज नाही. पास तर व्हायचंच होतं, नाहीतर आणखी एक टर्म गेली असती. पण त्याहूनही, कुणीतरी एकाने तरी ते अखंड बघावं, अर्धं नाही, एवढीच इच्छा होती.

तोंडी परीक्षेला दोघेही सर तळमजल्यावरच्या माझ्या टेबलापाशी आले. मुद्दाम खराब बेअरिंग घातलेली मोटर मी सुरू केली. स्क्रीनवरची रेष लाल झाली आणि अक्षरं उमटली: मोटर बंद.

मोटर चालूच होती. मी खाली बघितलं तर कॉम्प्युटरकडून मोटरच्या स्विचला जाणारी वायर सुटून टेबलावर पडलेली. टेबल सरकवताना निघाली असणार.

वरच्या सरांनी स्क्रीनकडे बघितलं. "मोटर बंद. व्हेरी गुड." कागदावर टिक.

खालच्या सरांनी घरघरणाऱ्या मोटरवर हात ठेवला. "बोल्ट किती एमएमचे?"

"आठ, सर."

"आवाज बरोबर येतोय. बेअरिंग छान बसवलंयस." त्यांचीही टिक.

एकांनी मोटर बंद झाल्याचे गुण दिले, दुसऱ्यांनी तीच चालत असल्याचे. दोघांत हातभरसुद्धा अंतर नव्हतं. इतक्या शिकलेल्या माणसांची मला कीव यायला हवी होती, पण आली ती किळस. मी "थँक यू, सर" म्हटलं, दोनदा, आणि ते दोघे निघाले.

लॅबचे काका कोपऱ्यात उभे होते. मालवणकडचे, निवृत्तीला आलेले. बोल्ट कसे आवळायचे हे मला सरांनी नाही, त्यांनी शिकवलं होतं. ते पुढे आले, वायर उचलली आणि स्विचला बसवली. मोटर क्षणात थांबली, आपोआप, मी आठ महिने म्हणत होते तशी. काकांनी टेबलावर थाप मारली.

"चलता मा! झकास!"

मग माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "बाय, तेंका दिसाक नाय. पण तुका वायर दिसलेली मा?"

दोघे सर अजून जिन्यापाशीच होते. एक हाक मारली असती तर दोघेही परत आले असते.

"नाही हो काका," मी म्हटलं, "माझं लक्ष स्क्रीनकडे होतं."