खडक कुणासाठी तापला

देरिलाला आमच्या गडावर सगळे जपून असायचे. प्रेमापोटी नव्हे, भीतीपोटी. गडाच्या टोकाला, समुद्रावर झुकलेल्या खडकात माणसाचं एक पाऊल कोरलेलं आहे; त्याची राखण तिच्याकडे. राजा मेला की त्याच्या बहिणींची मुलं एकेक करून त्यात अनवाणी पाय ठेवतात. देरिला शेजारी तळहात टेकते. ज्याच्या पायाखाली खडक तापतो त्याचं नाव ती एकदाच घेते. त्यानंतर खडकाबद्दल तिनं चकार शब्द काढायचा नाही. काढलाच, तर ते मेलेल्यांचं बोलणं. जिवंत माणसानं ते ऐकायचं नसतं.

एरवी बाई आपल्यातलीच. जवाची पेज, वाळवलेले मासे आणि दुसऱ्यांच्या सुनांची उणीदुणी यांत खूश. राजाच्या बहिणीनं रिवाजाप्रमाणे आपलं तान्हं पोर तिच्याकडे वाढायला दिलं होतं. वोरेत त्याचं नाव. तिच्याच दुधावर तो वाढला. मासेमारीत ठार बिनकामाचा, पण बोलायला लागला की वल्ही मारणारे हात थांबायचे. तिचा जीव की प्राण होता तो.

जव कापणीला आले आणि म्हातारा राजा गेला.

"वोरेतचं नाव निघालं तर?" मी तिला विचारलं.

"निघू देते की काय! आजवरचे किती राजे भाऊबंदांनीच समुद्रात बुडवले. माझं पोर मेंढरं राखेल नि म्हातारं होईल."

"अगं, खडकाशी खोटं बोलणार तू?"

"खडकाशी नाही गं. माणसांशी."

सकाळी धुकं होतं. आधी मावसभाऊ गार्नाखनं पाय ठेवला. देरिलाचा हात खडकावर निवांत होता. मग वोरेतनं ठेवला आणि खाली लाटांचा आवाजच बंद झाला. समुद्र हलत होता, पण आवाज नव्हता. तव्यावर पडावा तसा देरिलानं हात झटकन मागं घेतला. तळवा लालबुंद झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"गार्नाख," ती म्हणाली.

लाटा पुन्हा वाजू लागल्या. ढालींवर भाले आपटले. वोरेत तर हसतच तिच्याजवळ आला. "सुटलो बुवा एकदाचा! आता तुझी मेंढरं नि मी, माय."

दुपारी गार्नाखची माणसं त्याला धरायला आली. गादीवर हक्क सांगेल असा भाऊ नवा राजा कशाला जिवंत ठेवेल? राजरक्त जमिनीवर सांडत नाहीत, म्हणून त्याला समुद्रात नेऊन बुडवायला नाव तयारच होती. देरिलानं बुडालेले राजे तेवढे लक्षात ठेवले होते. बुडालेल्या भावांची नावं आमच्यात कोणी घेतच नाही, मग तिला तरी कुठून आठवणार?

ती कमरेएवढ्या पाण्यात शिरली. "खडक वोरेतसाठी तापला! राजा वोरेत आहे! मी खोटं बोलले, ऐका रे!"

एकही मान वळली नाही. नाव ढकलणारे वाऱ्याबद्दल बोलत राहिले. बायका शिंपले फोडत राहिल्या, मीही. गार्नाख दाढी खाजवत क्षितिजाकडे बघत होता. तिनं एकाला खांद्याला धरून गदगदा हलवलं, तर त्यानं कोळिष्टक लागल्यासारखा खांदा झटकला आणि पुन्हा कामाला लागला. भाजलेला तळवा ती प्रत्येकाच्या तोंडासमोर धरत होती. त्या तळव्यातून आरपार बघावं तसे लोक बघत होते. मला तेव्हा भीती वाटली ती तिची नाही, आमची.

नाव पाण्यात सुटली. तिचा आवाज चिरकला, तरी ती ओरडतच होती.

हात बांधलेला वोरेत तेवढा तिच्याकडे वळला.

"ऐकू येतंय मला, माय," तो म्हणाला. "आता पुरे. घसा बसेल तुझा."